निकाल लागेपर्यंत: ख्रिस्ती आशेत स्थिर राहण्याचा रोजचा क्रम

बायोप्सीचा रिपोर्ट यायचा आहे. नोकरी गेली आहे आणि दुसरी कधी लागेल ते सांगता येत नाही. जमिनीच्या खटल्यात तारखेमागून तारीख पडते आहे. मुलगा घर सोडून गेला आहे आणि फोन उचलत नाही. अशा दिवसांत ख्रिस्ती माणसाला हमखास ऐकायला मिळतं, 'आशा सोडू नका, प्रभू बघेल.' हे खरंच आहे. पण आशा धरायची म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. म्हणून ते इथे क्रमाने दिलं आहे.

सुरुवात करण्याआधी करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय एकदा पूर्ण वाचा. ५८ वचनं आहेत. जवळजवळ सगळा अध्याय येशूच्या आणि आपल्या पुनरुत्थानाविषयी बोलतो आणि मग शेवटच्या वचनात पौल म्हणतो की म्हणून तुम्ही स्थिर आणि अढळ व्हा, प्रभूच्या कामात राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. त्या 'म्हणून'वर सगळं उभं आहे. ख्रिस्त खरोखर उठला असेल तर मरणाचा शब्द शेवटचा नाही, आणि मरणाचा शब्द शेवटचा नसेल तर रिपोर्टचा, साहेबाचा, कोर्टाचाही नाही. भित्र्या, हळव्या, रात्र रात्र जागणाऱ्या माणसालाही या अर्थाने स्थिर राहता येतं, कारण या स्थिरपणाचा आधार त्याच्या स्वभावात नाही.

आशा कुठे बांधली आहे ते आधी तपासा

लूकच्या २४ व्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊसकडे निघाले आहेत, चेहरे उतरलेले. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला ते सांगतात की इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच, अशी आमची आशा होती. हे ते सांगत आहेत तो पुनरुत्थानाचाच दिवस आहे, आणि ऐकणारा उठलेला येशूच आहे. त्यांची आशा सुटकेच्या एका ठरावीक चित्राला बांधलेली होती. चित्र मोडलं तशी आशाही मोडली.

तुमची आशा कुठे बांधली आहे हे बघायला एका कागदावर दोन वाक्यं पूर्ण करा.

'मला असं व्हावंसं वाटतं की…'
'ते झालं नाही, तरी हे खरं राहील की…'

पहिलं वाक्य अगदी उघडपणे लिहा. गाठ साधी निघू दे, अमुक कंपनीतून बोलावणं येऊ दे, दिवाळीपर्यंत कर्ज फिटू दे. त्याला 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' अशी झालर लगेच लावू नका. गेथशेमाने बागेत येशूनेही आधी दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागणं केलं आणि मग पित्याची इच्छा म्हटली.

दुसऱ्या वाक्यात शास्त्र स्पष्ट सांगतं तेवढंच लिहायचं. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे (१ करिंथ १५:२०). मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, काहीही मला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही (रोम ८:३८-३९). पाप कबूल केलं तर क्षमा आहे (१ योहान १:९). तो युगाच्या समाप्तीपर्यंत बरोबर आहे (मत्तय २८:२०). तो डोळ्यांतलं प्रत्येक अश्रू पुसणार आहे (प्रकटीकरण २१:४).

दुसरं वाक्य रिकामं राहिलं किंवा त्यात पहिलंच वाक्य वेगळ्या शब्दांत उतरलं, जसं 'देव मला बरं करीलच', तर आशा निकालाला बांधलेली आहे. घाबरायचं कारण नाही, बहुतेकांची तिथेच बांधलेली असते. पहिलं वाक्य मागणीचं आहे, ते रोज मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आशा दुसऱ्या वाक्यात आहे. इब्री लोकांस पत्राच्या ६ व्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे, आणि तो नांगर पडद्याच्या आत, म्हणजे देवाच्या सान्निध्यात, जिथे येशू आपल्या आधी गेला आहे तिथे जाऊन लागतो. होडीतच ठेवलेल्या नांगराने होडी थांबत नाही, हे वसईपासून मालवणपर्यंत कोणताही कोळी सांगेल. 'मन घट्ट कर' हा सल्ला नेमका इथे कमी पडतो, कारण तो माणसाला स्वतःच्याच मनाला बांधून घ्यायला सांगतो.

हा कागद जपून ठेवा. पुढे लागणार आहे.

झोप आणि जेवण

पहिल्या राजांच्या १९ व्या अध्यायात एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला लगेच काही शिकवत नाही. तो झोपतो, देवदूत हात लावून उठवतो, भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. मग चाळीस दिवसांचा प्रवास, आणि त्यानंतर होरेबावर संभाषण. प्रार्थनेला बसायचं तर हाच क्रम ठेवा.

दोन रात्री झोप झालेली नसेल तर पहाटे चारला उठून प्रार्थनेचा नेम धरू नका. थकलेल्या मेंदूला प्रत्येक वचन धमकीसारखं ऐकू येतं. आधी झोप भरून काढा आणि सकाळी काहीतरी पोटात जाऊ द्या. संकटात पडल्या पडल्या उपास सुरू करायचा मोह अनेकांना होतो. मधुमेह, रक्तदाब किंवा केमोथेरपी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको.

सकाळची वीस मिनिटं

लागणारं साहित्य थोडं आहे: छापील पवित्र शास्त्र, एक साधी दोनशे पानी वही, पेन. मोबाइलवरचं बायबल एरवी चांगलं, पण या काळात नको. ज्या मेसेजची वाट बघताय तो स्तोत्राच्या मध्येच येतो आणि तेवढ्यावर सकाळ जाते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिली दोन मिनिटं नुसतं बसा. पुढची तीन मिनिटं एक स्तोत्र मोठ्याने, दोनदा वाचा. मग सहा मिनिटं तक्रार, तीन मिनिटं मागणी, चार मिनिटं स्मरण आणि शेवटची दोन मिनिटं प्रभूची प्रार्थना.

स्तोत्र १३ पासून सुरुवात करा. सहाच वचनं आहेत आणि विलापस्तोत्राचा सगळा सांगाडा त्यात दिसतो. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा 'कोठवर' विचारतो. तिसऱ्या आणि चौथ्या वचनात मागणी आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण. पाचव्या वचनात तो म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनामध्ये परिस्थितीत काही बदललं, असं स्तोत्र कुठेही सांगत नाही. शत्रू तिथेच आहे. देवापुढे बोलणं मात्र पूर्ण झालं आहे.

म्हणून तक्रारीची सहा मिनिटं कापू नका. मंडळीत वाढलेल्या माणसाला हीच पायरी सगळ्यात जड जाते. 'देवाला असं कसं बोलायचं' म्हणून तो थेट स्तुतीवर उडी घेतो, आणि मग न बोललेली तक्रार दुपारी बायकोवर किंवा मुलांवर निघते. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे. देवाने ही भाषा आपल्या तोंडी घातली आहे, ती वापरा. वहीत लिहिताना 'तू' म्हणूनच लिहा. 'देव असं का करतो' असं लिहिलं तर ती देवाविषयीची चर्चा होते. 'तू असं का करतोस' ही प्रार्थना आहे.

मागणी रोज एकच आणि नेमकी. 'सर्वांना आशीर्वाद दे' असं मागितलं तर त्याचं उत्तर आलं की नाही हे कधीच कळत नाही. 'आज विम्याच्या ऑफिसात बोलताना माझा आवाज चढू देऊ नकोस' ही मागणी संध्याकाळी तपासता येते.

स्मरणासाठी ७७ वं स्तोत्र चांगला नमुना आहे. त्यात स्तोत्रकर्ता आसाफ आधी प्रश्नांची सरबत्ती करतो: प्रभू कायमचा टाकून देईल का, त्याची दया संपली का, त्याचं वचन सरलं का? मग अकराव्या वचनापासून तो तांबड्या समुद्राची आठवण काढतो. ती त्याच्या स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट नाही, शेकडो वर्षांपूर्वीची आहे. स्वतःच्या आयुष्यात आठवण्यासारखं काही सापडत नसेल तर तुम्हीही तेच करा. निर्गम (इस्राएलाची मिसरातून सुटका), वधस्तंभ, रिकामी कबर यांपैकी एक प्रसंग रोज चार ओळींत लिहून काढा.

एक स्तोत्र एक आठवडा वाचायचं. सहा आठवड्यांसाठी हा क्रम बरा: १३, मग ४२ आणि ४३ जोडून, मग ७७, १३०, २७ आणि ६२. रोज नवं स्तोत्र घेतलं तर वाचन होतं, पण काही मुरत नाही. एकच घेतलं की चार-पाच दिवसांत ओळी आपोआप आठवायला लागतात, केसपेपरच्या रांगेतसुद्धा. ४२ आणि ४३ मध्ये 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' हा चरण तीनदा येतो आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, देवाची आशा धर. एकदा सांगून जीव ऐकत नाही हे स्तोत्रकर्त्यालाही ठाऊक होतं. १३० मध्ये पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याची ओळ लागोपाठ दोनदा आहे. ती मोठ्याने वाचताना घाई करू नका.

ज्या दिवशी काहीच बोलवत नाही त्या दिवशी ८८ वं स्तोत्र वाचा आणि उठा. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. त्या दिवशी तेवढी प्रार्थना पुरते. रोम ८:२६ सांगतं की आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी विनंती करतो.

वाचवत नसेल तर गा. उपासनेत म्हटली जाणारी नारायण वामन टिळकांची भजनं अनेक घरांत जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. आजारी माणसाच्या उशाशी पंधरा मिनिटांच्या वाचनापेक्षा दोन कडवी जास्त उपयोगी पडतात.

विलापगीत ३: १८ पासून २४ पर्यंत

घराघरांतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातली २२ आणि २३ ही वचनं असतात: परमेश्वराची दया संपत नाही, ती रोज सकाळी नवी असते. पाठ करताना मात्र १८ पासून करा. अठरावं वचन म्हणतं की माझी शक्ती गेली आणि परमेश्वराकडून असलेली माझी आशाही. तीनच वचनांनंतर, एकविसाव्यात, तोच माणूस म्हणतो की हे मी मनात आणतो, म्हणून मला आशा आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडल्यानंतरची ही गीतं आहेत. मंदिर गेलं, राजा गेला, लेकरं उपाशी मेली. हे ठाऊक असल्यावर बाविसाव्या वचनाचं वजन कळतं. रोज एक वचन घेतलं तर सात वचनांना एक आठवडा लागतो.

वचनं निवडताना होणारी मोठी चूक

यिर्मया २९:११ हे मराठी मंडळ्यांत बहुधा सगळ्यात जास्त फॉरवर्ड होणारं वचन असेल: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत. परीक्षेला, इंटरव्ह्यूला, ऑपरेशनला ते पाठवलं जातं. हे वचन वापरायचं तर २८ वा आणि २९ वा असे दोन्ही अध्याय एकत्र वाचले पाहिजेत, कारण खरी आणि खोटी आशा तिथे समोरासमोर उभी आहे.

अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात लोकांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल आणि तिकडे कैद करून नेलेले लोक परत येतील. परमेश्वराच्या नावाने सांगतो. लोकांना हवं तेच सांगतो. तिथेच असलेल्या यिर्मया संदेष्ट्याचं पहिलं उत्तर बघा: 'आमेन, परमेश्वर असंच करो!' त्यालाही ते व्हावंसं वाटतं. पण ते देवाचं वचन नाही, हे तो स्पष्ट करतो. मग २९ व्या अध्यायात तो बाबेलातल्या लोकांना पत्र लिहितो: घरं बांधा आणि राहा, बागा लावा आणि त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात मुदत आहे, सत्तर वर्षं. अकरावं वचन त्याच्यानंतर येतं. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि तरीही 'तुम्हाला आशा' हे त्यांनाच लिहिलं होतं.

यातून रोजच्या वापरासाठी एक कसोटी मिळते. कुणी देवाच्या नावाने तारीख दिली, जसं 'येत्या तीन महिन्यांत तुझं काम होणार, मला दर्शन झालंय', तर यिर्मयासारखं मनापासून आमेन म्हणा, पण त्या तारखेवर घर बांधू नका. तारीख टळली की माणूस तीनांपैकी एक करतो. तो नवी तारीख शोधतो, स्वतःच्या विश्वासाला दोष देतो, नाहीतर देवाला सोडतो. तिन्ही वाटा हनन्याच्या अंगणातून निघतात. आणि तारीख सांगणाऱ्याने बियाण्याचे ('आज पेरा, पुढे कैक पटींनी मिळेल' असं सांगून), दानाचे, खास प्रार्थनेचे म्हणून पैसे मागितले तर तिथून सरळ उठा.

वचन उघडण्याची दुसरी एक सवयही मोडायला हवी. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन मानायचं, ही ती सवय. चांगल्या दिवशी याने काही बिघडत नाही. वाईट दिवशी बोट ईयोबाच्या तिसऱ्या अध्यायावर पडतं आणि माणूस दिवसभर थरथरत राहतो. कोणतंही वचन कागदावर उतरवण्याआधी त्याच्या मागची आणि पुढची दहा वचनं वाचा.

आशेचं एक काम, दर आठवड्याला

यिर्मयाचा ३२ वा अध्याय या सगळ्याला हातपाय देतो. यरुशलेमला वेढा पडला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अनाथोथ हे त्याचं गाव, आणि देव त्याला तिथलं चुलतभावाचं शेत विकत घ्यायला सांगतो. तो १७ शेकेल रुपं, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे २०० ग्रॅम चांदी, तोलून देतो. खरेदीखतावर सह्या होतात, साक्षीदार लागतात आणि त्याचा लेखनिक बारूख ते खत मातीच्या भांड्यात ठेवतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. व्यवहार झाल्यावर यिर्मया प्रार्थनेत गोंधळून विचारतो की नगर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जातंय, आणि तू मला शेत घे म्हणतोस? काम आधी झालं, शंका नंतर आली, आणि देवाने दोन्ही स्वीकारलं.

म्हणून आठवड्यातून एकदा असं एक छोटं काम करा, जे फक्त 'पुढे काहीतरी आहे' असं मानणारा माणूसच करेल. बेरोजगार असाल तर त्या दिवशी दोन तास एक कौशल्य शिका, जे पुढच्या नोकरीत वापराल. आजारी असाल तर वर्षाने फळ देईल असं रोप कुंडीत लावा किंवा नातवंडांसाठी घराण्याची माहिती लिहून काढा. मुलगा बोलत नसेल तर त्याच्या वाढदिवसाला दोन ओळींचं पत्र पाठवा आणि उत्तराची मागणी करू नका. काम आपल्या ऐपतीत बसणारं हवं. कर्ज काढून केलेलं 'विश्वासाचं पाऊल' हे अनाथोथचं शेत नव्हे. यिर्मयाने स्वतःची चांदी तोलून दिली होती आणि कागदपत्रं चोख केली होती.

या प्रकारच्या आशेचं आपल्याकडचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात आहे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, १८८२ मध्ये पती गेले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी मनोरमानंतरही सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि संपूर्ण भाषांतर छापून आलं ते त्यांच्या पश्चात.

रात्रीची पाच मिनिटं

वही उघडून डाव्या पानावर लिहा, 'आज काय हललं'. उजव्या पानावर, 'आज काय हललं नाही'. डावीकडे वाईट बातमी, भीती, भांडण. उजवीकडे एक गोष्ट शास्त्रातली, दोन वाक्यांच्या कागदावरची, आणि एक दिवसातली. शेजारणीने डबा आणून दिला, चार तास सलग झोप लागली, डॉक्टर नीट बोलले. दोन्ही पानं रोज भरलीच पाहिजेत. फक्त उजवं पान भरायला लागलात तर तो देखावा आहे, फक्त डावं भरत असेल तर कुणाशी तरी बोलायची वेळ झाली आहे. मग स्तोत्र ४:८ म्हणून दिवा मालवा.

एकट्याने नको

इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय आशेचा स्वीकार दृढ धरायला सांगतो आणि लगेच पुढे एकत्र जमणं सोडू नका म्हणतो. संकटात माणूस नेमकं तेच आधी सोडतो. रविवारी लोक 'काय झालं रिपोर्टचं' विचारतील, ही भीती असते. त्यावर उपाय असा की एका विश्वासू व्यक्तीला सगळं सांगा आणि तिलाच सांगू द्या की बाकीच्यांनी विचारू नये. उपासनेला शेवटच्या बाकावर बसा, पाहिजे तर शेवटच्या गीताआधी निघा, पण जा. प्रभुभोजन चुकवू नका. स्वतःच्या विश्वासाचा आवाज बसलेला असतो तेव्हा शेजारी उभ्या असलेल्यांच्या तोंडचा विश्वासांगीकार (विश्वासाची एकत्र म्हटलेली कबुली) ऐकणंही उपयोगी असतं.

प्रार्थनेसाठी दोन माणसं पुरतात. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, शक्यतो समोरासमोर. एक अट ठेवा, की ऐकलेली गोष्ट 'प्रार्थनेचा विषय' म्हणून ग्रुपवर टाकायची नाही. माणसं मंडळीपासून तुटतात त्यामागे हे कारण पुष्कळदा असतं.

तुम्ही आधार द्यायला गेला असाल तर थोडं बोला. 'तुमचा विश्वास कमी पडला' हे वाक्य तर कधीच नको. पौल ज्याला शरीरातला काटा म्हणतो तो त्रास देवाकडे तीनदा मागूनही निघाला नाही. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत इथे आजारी असताना मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), आणि तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी त्याने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. हा त्या काळचा औषधाचाच सल्ला होता. औषध बंद करायला सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. सलग दोन आठवडे मन पूर्ण उदास असेल, झोप आणि भूक गेली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर पाळकांइतकीच डॉक्टरांचीही गरज आहे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच दिवशी घरच्यांना सांगा. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

मरण झालेल्या घरात

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (४:१३) पौल लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा तुम्ही खेद करू नये. 'खेदच करू नये' असं त्याने लिहिलेलं नाही. मेलेल्या लाजराला थोड्याच वेळात उठवणार असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. त्यामुळे 'तो प्रभूजवळ गेलाय, रडता कशाला' म्हणून कुणाला गप्प करू नका. रात्रीच्या सांत्वनाच्या प्रार्थना चाळीस मिनिटांत आटपा, एक स्तोत्र, एक भजन, एक छोटी प्रार्थना. घरचे दमलेले असतात. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं. खरी गरज दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडते, तेव्हाच्या दोन तारखा आताच आपल्या कॅलेंडरवर टाकून ठेवा आणि त्या दिवशी जा.

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थान दिन (ईस्टर) यांच्यामधला शनिवार बऱ्याच मंडळ्यांत रिकामा जातो, कारण तेव्हा ईस्टरची तयारी चालू असते. शोकात असलेल्यांनी तो दिवस राखून ठेवावा. शिष्यांनी तो दिवस काहीही न कळता काढला. त्या दिवशी विलापगीत ३ किंवा स्तोत्र ८८ वाचा, आणि रविवारी पहाटेच्या उपासनेला नक्की जा, मन तयार नसलं तरी. तसाच आगमनकाळही, नाताळाआधीचे चार रविवार. वाट बघणाऱ्या माणसाला मंडळीच्या वर्षातला तो सगळ्यात जवळचा काळ आहे.

निकाल आल्यावर

चांगला निकाल आला तर ज्यांना प्रार्थनेला सांगितलं होतं त्या प्रत्येकाला कळवा. लोक संकट कळवतात आणि सुटका कळवायची विसरतात. साक्ष देताना जपून बोला. समोरच्या बाकांवर असं कुणीतरी असतं ज्याने तेवढीच प्रार्थना केली होती आणि त्याचं माणूस गेलं. 'मी विश्वास ठेवला म्हणून झालं' याऐवजी 'देवाने दया केली' एवढं पुरेसं आहे.

वाईट आला तर सुरुवातीचा तो दोन वाक्यांचा कागद काढा. पहिल्या वाक्यावर रडा, हवं तेवढे दिवस. ते खोडू नका, तुम्ही ते देवापाशी खरोखर मागितलं होतं. दुसरं वाक्य त्या आठवड्यात स्वतःला वाचवत नसेल तर प्रार्थनेच्या सोबत्याला रोज एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, फोनवरही चालेल. सकाळची वीस मिनिटं दहावर आणा आणि स्तोत्र १३ च्या पहिल्या वचनापासून पुन्हा सुरू करा.